नागाचें विष आणि पेशीचें दार

आजरा हें कोल्हापूर जिल्ह्यांतील, सह्याद्रीच्या कुशींत, हिरण्यकेशीच्या खोऱ्यांत वसलेलें गांव. घनसाळ तांदुळामुळें त्याचें नांव पुष्कळांस ठाऊक आहे. पण जेथें भात तेथें उंदीर आणि जेथें उंदीर तेथें नाग. शिवाय पावसाळ्यांत जमिनीवर निजलेल्या माणसाच्या अंथरुणाशीं मण्यारही येते. या दोहोंचा दंश झालेल्या माणसाच्या पापण्या प्रथम जड होतात, मग जीभ व मान लुळी पडते आणि शेवटीं श्वास थांबतो. नाडी मात्र कांहीं काळ चालूच असते. एवढेंच नव्हे, तर भोवतालचें रडणें त्या निश्चल माणसास ऐकूंही येत असतें! हें कसें घडतें, हें कळण्यास शंभरांहून अधिक वर्षें लागलीं. तो इतिहास आज थोडक्यांत सांगतों.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फ्रान्समध्यें क्लोद बेर्नार यांनीं दक्षिण अमेरिकेंतील बाणांना लावण्याच्या क्युरारी विषाचा अभ्यास केला. विष दिलेल्या बेडकाच्या स्नायूस विजेचा झटका दिला असतां तो आकुंचन पावे. मज्जातंतूस दिला असतां तो हालत नसे. अर्थात् घात होत होता तो दोहोंच्या सांध्यावर. १९०५ सालीं केंब्रिजच्या लँग्ली यांनीं असें प्रतिपादन केलें कीं, स्नायूच्या पेशींत एक ‘ग्राहक’ द्रव्य असलें पाहिजे. १९२१ सालीं ऑटो लोवी यांनीं बेडकाच्या हृदयावर प्रयोग करून मज्जातंतु आपला निरोप रसायनाच्या हातीं पाठवितो हें सिद्ध केलें, आणि १९३६ सालीं हेन्री डेल व त्यांचे सहकारी यांनीं स्नायूकडे जाणारा निरोप्या म्हणजे ॲसिटिलकोलिन, हें दाखविलें.

निरोप आला, पण स्नायूनें तो वाचला कसा? येथें आजऱ्याच्या खाचरांकडेच पाहूं. वरच्या खाचरांत पाणी तुंबलेलें असतें. शेतकरी बांधाला वाट करून देतो आणि पाणी आपोआप खालीं धांवतें. पेशीच्या पातळ आवरणाबाहेर सोडियमचे विद्युत्भारित कण फार, आंत पोटॅशियमचे फार. ग्राहक म्हणजे या बांधांतील दार. पांच प्रथिनांच्या साखळ्या वर्तुळाकार उभ्या राहून तें बनतें. ॲसिटिलकोलिनचे दोन रेणू त्यास चिकटले कीं मधली वाट उघडते, सोडियम आंत घुसतें, थोडें पोटॅशियम बाहेर पडतें, आणि त्या विद्युत्प्रवाहानें स्नायु आकुंचन पावतो.

नवल असें कीं, हें दार हातीं लागलें तें सर्पविषामुळेंच. १९६३ सालीं तैवानमध्यें चँग व ली यांनीं आपल्या मण्यारीच्या एका भाऊबंदाच्या विषांतून असें द्रव्य वेगळें केलें कीं जें ग्राहकास घट्ट धरून बसतें. त्याच्या साहाय्यानें १९७० सालीं पॅरिसच्या शांझो यांनीं, ली यांच्या सहकार्यानें, विद्युत्मत्स्याच्या शरीरांतील ग्राहक ओळखून काढला. १९७६ सालीं जर्मनींत नेहर व साकमान यांनीं एकाच दारांतून वाहणारा प्रवाह मोजला. सेकंदाच्या सुमारें सहस्रांश काळांत हजारों कण पार जातात! त्या दोघांस १९९१ चें नोबेल पारितोषिक मिळालें.

नागाचें विष त्या दाराच्या कुलपांत अडकून बसतें. मण्यारीचें विष त्याशिवाय निरोप पाठविणारीं मज्जातंतूंचीं टोकेंही निकामी करतें. म्हणून नागदंशांत प्रतिविषाबरोबर, ॲसिटिलकोलिन टिकवून धरणाऱ्या निओस्टिग्मिनचा उपयोग होतो. मण्यारीच्या दंशांत त्याचा फारसा भरंवसा नसतो. परंतु दोहोंतही एक गोष्ट समान आहे: बिघाड स्नायूंच्या दारांशीं आहे, हृदय व बुद्धि शाबूत आहेत. श्वास कृत्रिम रीतीनें चालू ठेवला, तर नवीं दारें व नवीं टोकें तयार होईपर्यंत रोगी तग धरूं शकतो.

तेव्हां श्रोतेहो, दंश झालेला माणूस निश्चल दिसला म्हणून त्यास मेलेला समजूं नये, आणि मंत्र-तंत्रांत घटका दवडूं नये. त्यास तत्काळ रुग्णालयांत न्यावें, आणि वाटेंत त्याच्याशीं धीराचे चार शब्द बोलावे. तो उत्तर देणार नाहीं. पण तो ऐकत असेल.