भित्तिपत्रक (स्त्रियांवरील अत्याचारांविरुद्धचे)

घरगुती मारहाण, हुंड्यापायी होणारा छळ, बलात्कार, रस्त्यावरील छेडछाड इत्यादी अत्याचारांविषयी पाहणाऱ्याचे मत वळावे व त्याच्या हातून काही कृती घडावी, या हेतूने रचून सार्वजनिक भिंतीवर डकविलेल्या सचित्र एकपानी पत्रकास ही संज्ञा लावली जाते. व्यापारी जाहिरात आणि सरकारी जाहीरनामा ही त्याची दोन वडील भावंडे. पैकी पहिलीकडून त्याने नजर खेचण्याची कला उचलली आणि दुसऱ्याकडून अधिकारवाणी. तथापि एका बाबतीत ते दोहोंपासून वेगळे पडते. साबणाची जाहिरात वाचताना कोणास संकोच वाटत नाही, करवसुलीची नोटीस वाचून कपाळाला आठी पडली तरी अंगाला कापरे भरत नाही. परंतु जिच्या पाठीवर वळ आहेत ती स्त्री, केवळ तिच्याचसाठी लिहिलेल्या मजकुरापुढे, सोबत नवरा किंवा सासू असताना, क्षणभरही थबकू शकत नाही. चालता चालता, पाहणे भलतीकडेच असल्याचा बहाणा करून ती वाचते. या पत्रकाच्या रचनेतील बहुतेक प्रश्न या एकाच अडचणीतून उपजतात.

महाराष्ट्रात या प्रकाराला बहर आला तो १९८० च्या आगेमागे. देसाईगंज येथील पोलीस ठाण्यात १९७२ साली घडलेल्या बलात्काराच्या प्रकरणात, म्हणजे 'मथुरा खटल्या'त, सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली दोघा पोलिसांस निर्दोष सोडले. त्यावर उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार व रघुनाथ केळकर या चार विधिज्ञांनी १९७९ साली सरन्यायाधीशांस अनावृत पत्र लिहिले, आणि १९८० च्या मार्चमध्ये स्त्रिया फलक घेऊन रस्त्यावर उतरल्या. हे फलक मोर्चासाठी होते. मोर्चा पांगला की त्यांचे काम संपे. भिंतीपाशी माणसाला थांबवून, एकामागून एक कागद वाचावयास लावण्याची किमया पुण्यात साधली गेली. १९८२ च्या जून महिन्यात मंजुश्री सारडा या नवविवाहितेचा व त्याच सुमारास शैला लाटकर यांचा मृत्यू झाल्यानंतर विद्या बाळ व नारी समता मंचातील त्यांच्या सहकाऱ्यांनी 'मी एक मंजुश्री' हे पोस्टर-प्रदर्शन उभारले आणि ते महाराष्ट्रात गावोगाव नेले. प्रस्तुत लेखकाच्या मते मराठी प्रचारकलेत या तीन शब्दांइतका अचूक मथळा क्वचितच साधला असेल. 'मंजुश्रीला न्याय द्या' असे म्हटले असते तर पाहणारी हळहळली असती आणि पुढे गेली असती. 'मी एक' या दोन अक्षरसमूहांनी मात्र तिला मृत स्त्रीच्या शेजारी आणून उभे केले. प्रदर्शनासाठी जमलेल्या स्त्रिया कागद वाचून झाल्यावर स्वतःची हकीकत सांगू लागल्या, आणि त्यांचे ऐकून घेण्याची सोय 'बोलते व्हा' या नावाच्या केंद्राने केली. पत्रक यशस्वी झाले किंवा नाही याचे माप कलासमीक्षकाच्या हाती नसून, ते वाचून कोण बोलू लागले यात असते, हे तेव्हापासून या क्षेत्रातील माणसे जाणून आहेत.

मंजुश्री सारडा प्रकरणातूनच दुसराही धडा निघतो. खालच्या न्यायालयांनी दिलेली शिक्षा रद्द करून सर्वोच्च न्यायालयाने १७ जुलै १९८४ रोजी आरोपीस निर्दोष मुक्त केले, आणि परिस्थितिजन्य पुराव्याची पाच तत्त्वे सांगणारा तो निकाल आजही न्यायालयांत दाखल्यादाखल वाचला जातो. ज्या मथळ्यात आरोपीचे नावच नव्हते त्याला या निकालाने बाध येण्याचे कारण नव्हते. चालू खटल्यातील इसमाला भिंतीवर गुन्हेगार ठरविणारे पत्रक मात्र अशा वेळी उघडे पडले असते. बलात्कार सोसलेल्या स्त्रीची ओळख छापणे हा तर १९८३ पासून स्वतंत्र गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेत तो ७२ व्या कलमात आला आहे.

चित्राविषयी. गुडघ्यांत डोके घातलेली, केस मोकळे सुटलेली स्त्री व तिच्यावर पडलेली मुठीची काळी सावली, हे चित्र इतक्या वेळा काढले गेले आहे की ते आता चित्र राहिले नसून शिक्का झाला आहे. त्याचा मोठा दोष असा की, ते हिंसेला शरीरापुरती मानते. कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा (२००५, अंमल २६ ऑक्टोबर २००६ पासून) शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक व आर्थिक अशा चारही प्रकारच्या छळास हिंसा म्हणतो, आणि आर्थिक छळाचे चित्र काढावयाचे तर नवऱ्याच्या खिशात अर्धवट दिसणारे बायकोचे पासबुक पुरेसे होते. शेजाऱ्याला उद्देशून केलेल्या पत्रकात तर स्त्री दाखविण्याचेही कारण नाही: बंद दार, दाराबाहेर चपलांचे दोन जोड, आणि कडीकडे निघून मध्येच थबकलेला तिसऱ्याचा हात. 'नवराबायकोचे भांडण, आपण कशाला मध्ये पडा' हे आळीतले परंपरागत शहाणपण त्या थबकलेल्या हातात सबंध मावते.

अक्षरांच्या बाबतीत देवनागरीची प्रकृती लक्षात घ्यावी लागते. वेलांट्या व रफार वर, उकार व ऋकार खाली, अशी तिची चढउतार असल्याने दोन ओळींत अंतर सढळ न ठेवल्यास वरचा उकार खालच्या वेलांटीत अडकतो आणि दहा हातांवरून मथळा नुसता काळा डाग दिसतो. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांची नावे ज्या तऱ्हेने रेखाटली ती पाहिल्यास, शिरोरेषेची जाडी व वळणाचा ताण यांतूनच आशयाचा स्वभाव कसा व्यक्त करता येतो हे ध्यानी येते. शब्द निवडताना सरकारी परिभाषा दूर ठेवावी. 'लैंगिक हिंसाचार' हा शब्दप्रयोग अर्जात योग्य. भिंतीवर 'छळ', 'मारहाण', 'अंगावर हात टाकणे' हेच बोलले जाणारे शब्द चालतात.

आता पनवेलचे उदाहरण घेऊ. मुंबईहून जलमार्गाने येऊन बोरघाटाने पुण्याकडे जाणाऱ्यांचे हे पूर्वापार मुक्कामाचे गाव. नगरपालिका १८५२ ची, आणि १ ऑक्टोबर २०१६ पासून रायगड जिल्ह्यातील पहिली महानगरपालिका. त्यामुळे येथे वाचक एका जातीचा नाही. जुन्या कसब्यातील व भोवतालच्या गावांतील आगरी, कोळी, कराडी व कोकणी मुसलमान कुटुंबे, खांदा कॉलनी, कळंबोली, कामोठे येथील सिडको वसाहतींत देशावरून व परप्रांतांतून आलेले नोकरदार, तळोज्याच्या कारखान्यांतील कामगार, आणि तालुक्यातील वाड्यांवरचे कातकरी व ठाकर, या सर्वांस एकच पत्रक पुरे पडेल ही कल्पना कचेरीत बसूनच सुचू शकते. एस. टी. स्थानकाच्या दर्शनी भिंतीवर तीनचार शब्दांहून अधिक मजकूर वाया जातो, कारण तेथला वाचक गाडीची पाटी पाहत असतो. तपशिलाचे पत्रक त्याच स्थानकातील स्त्रियांच्या स्वच्छतागृहात, दाराच्या आतील बाजूस लावावे. कडी लागल्यावर तेथे ती एकटी असते, कोणी पाहत नसते, आणि ही वर सांगितलेली अडचण पुरती सुटण्याची सबंध गावातील बहुधा एकमेव जागा आहे. उपजिल्हा रुग्णालयातील लसीकरणाची रांग ही दुसरी चांगली जागा. तेथे सासू सोबत असण्याचा संभव धरून मथळा बाळाच्या प्रकृतीचा असावा आणि कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखालील संरक्षण अधिकाऱ्याचा पत्ता खाली बारीक टाइपात असावा. याला लबाडी म्हणणाऱ्यांनी म्हणावे. पत्रकाच्या तळाशी उभ्या चिरा देऊन मदतीच्या दूरध्वनी क्रमांकाच्या फाडून नेण्याजोग्या चिठ्ठ्या केल्यास उत्तम. मात्र पहिली चिठ्ठी फाडणे कोणासही अवघड वाटते, म्हणून लावणाऱ्यानेच दोन आधी फाडून ठेवाव्यात.

काळाचाही विचार करावा लागतो. डोमिनिकन प्रजासत्ताकातील मिराबाल भगिनींची २५ नोव्हेंबर १९६० रोजी हत्या झाली. तो दिवस संयुक्त राष्ट्रसंघाने १९९९ साली स्त्रियांवरील हिंसेच्या निर्मूलनाचा दिन ठरविला, आणि त्या दिवसापासून १० डिसेंबरपर्यंतच्या सोळा दिवसांत आपल्याकडेही पत्रकांचा सुकाळ होतो. कोकणचा पाऊस संपून भिंती वाळलेल्या असल्याने खळीला हा हंगाम सोयीचा आहे. परंतु दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर गेलेली असतात, वाडीतील समाजमंदिराची भिंत वाचावयास तेथे कोणी उरत नाही. त्यांच्यासाठी पत्रक भट्टीवरच न्यावे लागते, आणि तेही शब्दांवाचून कळणारे.

मुद्रणासाठी वीस बाय तीस इंचांचा डबल क्राऊन कागद व दोन रंग पुरेत. फ्लेक्स टिकाऊ खरा, पण वाढदिवसांच्या शुभेच्छाफलकांच्या गर्दीत तो त्यांपैकीच एक दिसतो. सार्वजनिक भिंतीवर परवानगीवाचून काही डकविणे १९९५ च्या मालमत्ता विद्रूपण प्रतिबंधक अधिनियमाखाली गुन्हा असल्याने महापालिकेकडे रीतसर अर्ज करावा, आणि कारकुनाने कां-कूं केल्यास कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याचे ११ वे कलम दाखवावे, ज्यान्वये त्या कायद्याची व्यापक प्रसिद्धी करणे हे खुद्द शासनाचेच कर्तव्य आहे. क्रमांक दोनच छापावेत: तातडीच्या मदतीसाठी ११२ व स्त्रियांच्या साहाय्यासाठी १८१. स्थानिक केंद्राचा तिसरा क्रमांक घालावयाचा असेल तर तो छपाईपूर्वी रात्री दहानंतर एकदा फिरवून, पलीकडून कोणी उचलते किंवा कसे, हे पाहून मगच घालावा.