टाकीचे घाव आणि वर्गातली पोरे

काही मते इतकी रुळतात की त्यांना कुणी मत म्हणत नाही, व्यवहारज्ञान म्हणतात. ‘पोरेच ती, चालायचेच’ हे त्यांतले एक. एखाद्याच्या अडखळत बोलण्याची वर्षभर नक्कल होते. एखादीला बाकावर कुणी शेजारी बसू देत नाही. वसतिगृहात थोरली मुले धाकट्यांकडून कपडे धुऊन घेतात आणि नकार मिळाला की रात्री पांघरूण ओढून नेतात. तक्रार घेऊन आई शाळेत आली की तिच्या हाती हेच वाक्य ठेवले जाते. पाथर्डी-जामखेडपासून अकोले-राजूरपर्यंत, नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्याच्या कोणत्याही टोकाला जा, शब्द फारसे बदलत नाहीत. वर पुस्ती जोडली जाते : याच्यानेच पोरे घट्ट होतात.

हे म्हणणारी माणसे निष्ठुर नसतात. त्यांत चांगले शिक्षक असतात, कष्टाने वर आलेले बाप असतात. म्हणून त्यांचा पक्ष आधी पुऱ्या ताकदीने मांडतो.

ते म्हणतात, आयुष्य कठीण आहे. ज्या तालुक्यांतून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाडेच्या बिऱ्हाडे ऊसतोडीला निघतात, तिथे लाडावलेले मूल टिकणार कसे? टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही. ते असेही म्हणतात की हे ‘बुलिंग’ म्हणजे शहरातल्या इंग्रजी शाळांनी बाहेरून आणलेले खूळ आहे. गावच्या शाळेत त्याचे काय काम? त्यांच्यातला अभ्यासू माणूस आणखी मर्मावर बोट ठेवतो : जी मुले मुळातच बुजरी आणि हळवी असतात तीच टवाळीचे लक्ष्य होतात, पुढे ती खचली तर खापर टवाळीवर का फोडता? ती स्वभावानेच खचणारी होती. आणि शेवटचा बचाव हताशपणाचा आहे. समजा सगळे मान्य केले, तरी खेड्यातल्या शाळेने करायचे काय? मानसोपचारतज्ज्ञ आणायचा कुठून?

यांपैकी एकही मुद्दा हसण्यावारी नेण्याजोगा नाही. तरीही एकही टिकत नाही.

आधी वाद कशाचा आहे ते नक्की करू. मैत्रीतली थट्टा इथे आरोपीच्या पिंजऱ्यात नाही. नॉर्वेत काम केलेले मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेयस यांनी 1970च्या दशकात या विषयाचा पाया घातला आणि छळ ओळखण्याच्या तीन खुणा सांगितल्या : दुखवण्याचा हेतू, पुन्हा पुन्हा घडणे आणि दोन बाजूंच्या बळात तफावत. दोन मित्र एकमेकांची खोडी काढतात तेव्हा उद्या बाजी उलटू शकते. जिथे ती कधीच उलटत नाही, तिथे ती खोडी राहत नाही. ‘चालायचेच’ म्हणणारा माणूस पहिल्या गोष्टीचे समर्थन करतो आणि त्या समर्थनाच्या आडून दुसरी गोष्ट सुटून जाते.

आता टाकीचे घाव. ही म्हण ज्याच्या कामावरून आली तो पाथरवट काय करतो? दगड निवडतो, त्याची शीर पाहतो, कुठे मारायचे आणि कुठे थांबायचे हे जाणतो. त्याच्या डोळ्यांपुढे मूर्ती असते. पाचवीतल्या मुलाला शाळेच्या मुतारीमागे अडवणाऱ्या तिघांच्या डोळ्यांपुढे कोणती मूर्ती असते? कष्ट मुलाला घडवतात, यात शंका नाही. विहिरीवरून पाणी आणणे, चार मैल चालून शाळा गाठणे, नापास होऊन पुन्हा बसणे यांनी मूल घडते, कारण त्या कष्टांना शेवट असतो आणि पार पडल्यावर मान उंचावते. छळाला दोन्ही नसते.

हा नुसता तर्क नाही. ब्रिटनमध्ये 1958 साली एका आठवड्यात जन्मलेल्या मुलांचा आयुष्यभर पाठपुरावा चालू आहे. त्यांतल्या 7,771 जणांच्या आईवडिलांनी मुले सात आणि अकरा वर्षांची असताना त्यांना इतर मुले त्रास देतात का, हे सांगून ठेवले होते. ताकिझावा, मॉन आणि आर्सेनो या संशोधकांनी 2014 साली निष्कर्ष छापले. ज्यांचा लहानपणी वारंवार छळ झाला होता त्यांच्यात पंचेचाळिसाव्या वर्षी नैराश्य, चिंताविकार आणि आत्महत्येचे विचार इतरांपेक्षा जास्त आढळले. पन्नाशीत त्यांचे नातेसंबंध विरळ होते आणि मिळकतही मार खात होती. घरची परिस्थिती, बुद्ध्यांक आणि बालपणीचे भावनिक त्रास हिशेबात धरल्यावरही फरक उरला. चाळीस वर्षांत ही माणसे घट्ट व्हायला हवी होती. झाली का?

यावर ठरलेले उत्तर येते : “मलाही चिडवले होते, माझे काय बिघडले?” हा पुरावा नव्हे. जो टिकला तोच पालकसभेत बोलायला उभा राहतो. ज्याने आठवीत दप्तर टाकले तो त्या सभेला येत नाही, आणि त्याची साक्ष कुणी नोंदवत नाही.

परदेशी खुळाचा मुद्दा तर आपल्याच मातीत पडतो. क्षीरसागर, अगरवाल आणि बावडेकर या महाराष्ट्रातल्याच बालरोगतज्ज्ञांनी ग्रामीण भागातल्या तीन शाळांत 8 ते 12 वयाच्या 500 मुलांच्या मुलाखती घेतल्या. हा अभ्यास 2007 साली ‘इंडियन पीडियाट्रिक्स’मध्ये आला. 157 मुलांनी, म्हणजे 31.4 टक्क्यांनी, छळ होत असल्याचे सांगितले. सर्वांत जास्त आढळले ते चिडवणे आणि नावे ठेवणे. या मुलांत शाळेची भीती, उलट्या आणि झोपेच्या तक्रारी अधिक होत्या. उदास राहणे, एकटे बसणे आणि अंगावरचे कपडे वारंवार फाटणे जवळजवळ त्यांच्यातच दिसले. बहुतेक पालकांना याचा पत्ता नव्हता. पुढे 2019 साली युनेस्कोने जगभरची आकडेवारी एकत्र केली, तेव्हा प्रमाण निघाले जवळपास तीन मुलांत एक. खेड्यातली शाळा आणि जग, आकडा तोच. खूळ आयात झाले म्हणता, तर ते आणले कुणी?

आणि पुरावा आकड्यांतच शोधायचा असे थोडेच आहे? अकोले तालुक्यातल्या धामणगावात 1935 साली जन्मलेल्या दया पवारांचे ‘बलुतं’ हे आत्मकथन 1978 साली प्रसिद्ध झाले. चाळिशी ओलांडलेला, शिकलेला, शहरात नोकरी करणारा माणूस आपल्या बालपणाकडे पाहतो. त्यासाठी त्याला स्वतःचे दोन करावे लागतात. एक दगडू सांगणारा, एक दया ऐकणारा. जातीने लादलेले अपमान सोसून माणूस घट्ट होतो हे त्या पुस्तकातून ज्याला वाचता येते, त्याने ते पुन्हा वाचावे. ओल्वेयस यांची तिसरी खूण, बळातली तफावत, आपल्याकडे शाळेच्या फाटकाबाहेरच तयार झालेली असते. मूल जात, पालावरचे घर, बापाचा धंदा, काळा रंग घेऊन वर्गात येते आणि टोपणनाव त्यावरून पडते. युरोपातल्या संशोधकाला ही तफावत शोधावी लागते. आपल्याला ती हजेरीपटावरच्या आडनावांत दिसते.

आता अभ्यासू आक्षेपकाकडे वळतो, कारण खरी लढत त्याच्याशी आहे. हळवे मूल आधी, छळ नंतर, असे तो म्हणतो. हा प्रश्न सोडवायचा तर दोन मुले हवीत : जन्मजात घडण एकच, घर एकच, आई एकच, आणि तरीही एकाच्या वाट्याला छळ, दुसऱ्याच्या नाही. अशी मुले असतात. एकसारखी जुळी. इंग्लंड आणि वेल्समधल्या 1,116 जुळ्या जोड्यांच्या अभ्यासात लुईझ आर्सेनो आणि सहकाऱ्यांनी नेमक्या अशा जोड्या वेगळ्या काढल्या आणि 2008 साली निष्कर्ष दिला : छळ सोसलेल्या भावंडात दहाव्या वर्षी उदासी आणि चिंतेची लक्षणे जास्त होती. गुणसूत्रे तीच, ताटही तेच. मग फरक कुठून आला?

याच अभ्यासातल्या काही जोड्यांची बाराव्या वर्षी आणखी एक तपासणी झाली. तणावाच्या प्रसंगी शरीरात कॉर्टिसोल हे संप्रेरक वाढते, वाढायला हवे. न छळलेल्या भावंडात ते वाढले. छळलेल्यात तसे वाढले नाही. इथे थांबून विचार करण्यासारखे आहे. असे मूल बाहेरून कदाचित शांत दिसेल. बाप म्हणेल, बघा, आता त्याला काही वाटत नाही, घट्ट झाला. आत मात्र संकटाला प्रतिसाद देण्याची शरीराची व्यवस्थाच मंदावलेली असते. आपण ज्याला घट्टपणा म्हणून गौरवतो ते हेच तर नव्हे?

प्रतिपक्षाच्या बाजूचा एक पुरावा मात्र लपवणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. सिंगहॅम आणि सहकाऱ्यांनी 2017 साली ब्रिटनमधल्या 11,108 जुळ्या मुलांवरून दाखवले की छळाचा चिंतेवरचा थेट परिणाम काळाबरोबर ओसरतो. दोन वर्षांनी दिसतो, पाच वर्षांनी उरत नाही. विचार विस्कळीत होणे आणि इतरांविषयी संशय वाटणे यांवरचा थोडा परिणाम तेवढा टिकतो. म्हणजे मुले सावरू शकतात. हे मी आनंदाने मान्य करतो. पण ती पाच वर्षे कोणती? अकरा ते सोळा. आपल्या हिशेबात सहावी ते दहावी. चिंता सोळाव्या वर्षी ओसरेल. तोवर बोर्डाची परीक्षा होऊन गेलेली असेल, मुलीचे शाळेत जाणे थांबून कदाचित लग्नही ठरलेले असेल. परिणाम ओसरतो, एवढ्याने गेलेली वर्षे परत येतात का?

माझ्या बाजूच्या लोकांनाही एक सांगायचे आहे. देशातल्या विद्यार्थी-आत्महत्यांत महाराष्ट्र वरच्या क्रमांकावर असतो; राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने 2022 साली राज्यात 1,764 नोंदवल्या. हा आकडा छळाच्या खात्यावर टाकून भाषणे दिली जातात. ते चूक आहे. आत्महत्येमागे अनेक कारणे गुंतलेली असतात आणि त्या आकड्यातून छळाचा वाटा वेगळा काढता येत नाही. आपला पक्ष खरा असताना उसना पुरावा कशाला?

‘तूही दोन ठेवून दे’ हा बापाचा सल्ला थोडक्यात निकाली काढता येतो. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनात 1,420 मुलांचा मोठेपणापर्यंत माग ठेवणाऱ्या अभ्यासात (2013) सर्वांत वाईट अवस्था आढळली ती छळ सोसणाऱ्या आणि करणाऱ्याही मुलांची. मार खाऊन मारू लागलेले मूल वाचलेले नसते.

आता शेवटचा बचाव : करायचे काय?

कॅनडात टोरँटोच्या संशोधकांनी शाळेच्या मैदानावरचे प्रसंग चित्रित करून तपासले. दहांपैकी जवळपास नऊ प्रसंगांत इतर मुले बघत उभी होती. मध्ये पडली ती फक्त 19 टक्के प्रसंगांत. पण जेव्हा पडली, तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा छळ दहा सेकंदांत थांबला. म्हणजे हे दोन पोरांचे भांडण नव्हेच. ते बघणाऱ्यांच्या मूक संमतीवर चालते.

ही संमती मुले कुणाकडून शिकतात? जामखेड तालुक्यातल्या खर्ड्यात एप्रिल 2014 मध्ये एका सतरा वर्षांच्या दलित विद्यार्थ्याचा खून झाला. मारहाणीची सुरुवात शाळेच्या आवारात झाली, असा आरोप होता. त्या घटनेला ‘बुलिंग’ म्हणणे हा त्या मुलावर अन्याय होईल, मी तसे म्हणत नाही. पण 2017 साली अनेक साक्षीदार फितूर झाले आणि आरोपी निर्दोष सुटले, हे जिल्ह्यातल्या प्रत्येक मुलाने ऐकले. मोठी माणसे पाहिलेले सांगत नाहीत, हा धडा कोणत्या पाठ्यपुस्तकात लागतो?

उपाय होतो, हे सिद्ध झालेले आहे. नॉर्वेत 1982च्या अखेरीस तीन मुलांनी जीव दिला, तेव्हा सरकारने पुढच्याच वर्षी देशभर मोहीम घेतली. बर्गेनमधल्या 42 शाळांत दोन वर्षांत छळ सुमारे निम्म्यावर आल्याचे ओल्वेयस यांनी नोंदवले. इतर देशांत इतके यश आले नाही. अनेक अभ्यासांची गोळाबेरीज साधारण पंधरा ते वीस टक्के घट दाखवते. पण नॉर्वे श्रीमंत आहे, असे कुणी म्हणेल. मग बिहारमध्ये चला. गोव्यातल्या ‘संगाथ’ संस्थेच्या आणि मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल यांच्या सहभागाने नालंदा जिल्ह्यातल्या 74 माध्यमिक शाळांत ‘सेहर’ हा प्रयोग झाला. निष्कर्ष 2018 साली ‘लॅन्सेट’मध्ये आले. काही शाळांत हे काम शिक्षकांकडे दिले. काहींत प्रशिक्षण दिलेल्या सामान्य माणसाकडे, तज्ज्ञाकडे नव्हे. तो मुलांशी बोलायचा, तक्रारपेटी चालवायचा, भित्तिपत्रक काढायचा, शाळेची वागणूक बदलायचा. जिथे असा माणूस होता तिथे छळ घटला, हिंसा घटली, नैराश्याची लक्षणेही कमी झाली. जिथे तेच काम आधीच दबलेल्या शिक्षकांवर टाकले, तिथे काहीच बदलले नाही. यातून पेटी टांगून मोकळे होणाऱ्यांनी बोध घ्यावा. पेटी दोन्हीकडे होती. फरक ती उघडणाऱ्या माणसाने पडला.

सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांत प्रशिक्षित समुपदेशक किंवा समाजकार्यकर्ता हवा, असे मार्गदर्शक निर्देश दिले. खेड्यात अशी माणसे कुठून आणायची, हा प्रश्न इतर कुठल्या जिल्ह्याने विचारला तर समजू शकतो. नगरने विचारू नये. जामखेडमध्ये 1970 साली काम सुरू केलेल्या रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने गावोगावच्या, बऱ्याचशा निरक्षर, बायकांना शिकवून आरोग्यसेविका केले. त्यांतल्या कित्येक दलित होत्या. बाळंतपण, कुपोषण, कुष्ठरोग यांना त्या भिडल्या, आणि जगातून लोक ते पाहायला जामखेडला आले. डॉक्टर नाही म्हणून हात बांधून न बसण्याची रीत जिथे सिद्ध झाली, तिथेच मुलांच्या मनाबाबत तज्ज्ञ नसल्याची सबब सांगायची?

पुरावा वाचकांपुढे ठेवला आहे, निवाडा त्यांनी करावा. ज्या मुख्याध्यापकांना तरीही वाटते की आमच्या शाळेत असले काही नाही, त्यांना एकच विनंती. पाचवी ते दहावीच्या मुलांना नाव न घालता एका चिठ्ठीवर दोन प्रश्नांची उत्तरे लिहू द्या : गेल्या महिन्यात तुला कुणी पुन्हा पुन्हा त्रास दिला का? आणि ते बघूनही कोण गप्प राहिले? चिठ्ठ्या मोजा. दुसऱ्या प्रश्नाची उत्तरे शिक्षकांच्या खोलीत मोठ्याने वाचा. मग पुढचा वाद करू.