रानपिंगळा: कातड्यापासून छायाचित्रापर्यंत

भिलाईतून जाणारा राष्ट्रीय महामार्ग 53 रायपूर ओलांडून पूर्वेस बसना गावी पोहोचतो. त्याच परिसरात 1872 मध्ये एफ. आर. ब्लूइट यांनी एक लहान घुबड टिपले, अर्थात बंदुकीने. पुढल्या वर्षी ए. ओ. ह्यूम यांनी त्या जातीला ब्लूइटांचे नाव दिले. पक्ष्याचा पुरावा म्हणजे त्याचे कातडे, असा तो काळ.

1884 नंतर रानपिंगळ्याचा खात्रीलायक नमुना मिळाला नाही. रिचर्ड माइनर्ट्झहागेन यांच्या संग्रहात मात्र 1914 चा, गुजरातेतील मांडवीचा, एक होता. पामेला रासमुसेन यांनी तो तपासला तेव्हा तो संग्रहालयातून चोरलेला जुनाच पक्षी निघाला: नव्याने भरलेला, खोटी चिठ्ठी लावलेला. त्या चिठ्ठीने कित्येकांचे शोध वाया घालवले होते. 25 नोव्हेंबर 1997 रोजी रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड ॲबट यांना शहाद्याजवळ जिवंत रानपिंगळा दिवसाउजेडी दिसला. या वेळी पुरावा छायाचित्राचा होता.

हौशी छायाचित्रकाराची कसोटी इथेच लागते. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर ठिपके असतात, रानपिंगळ्याचे डोके जवळजवळ बिनठिपक्यांचे. पण प्रखर उन्हात प्रकाशमापन चुकले की ठिपके पुसले जातात. म्हणून छातीचा तपकिरी पट्टा व शेपटीवरील ठळक पट्टेही चित्रात हवेत. ध्वनिमुद्रित साद वाजवून पक्ष्याला जवळ बोलावणे सोपे, मात्र विणीच्या काळात ते निव्वळ छळणेच.

2014 मध्ये हा पक्षी मुंबईजवळच्या तानसा अभयारण्यातही आढळला.