फॅब्री विकार आणि स्वायत्त चेतासंस्था

फॅब्री हा दुर्मीळ आनुवंशिक चयापचय विकार. योहानेस फॅब्री व विल्यम अँडरसन यांनी १८९८ मध्ये त्याचे स्वतंत्रपणे वर्णन केले. 'क्ष' गुणसूत्रावरील जनुकदोषामुळे अल्फा-गॅलॅक्टोसायडेज-ए हे विकर कमी पडते आणि एक स्निग्ध पदार्थ मूत्रपिंडे, हृदय व चेतातंतूंत साठत जातो.

घाम, पचन व हृदयगती यांचे नियमन करणाऱ्या स्वायत्त चेतासंस्थेचे सूक्ष्म तंतू यात लवकर बाधित होतात. तळहात-तळपायांची आग, जेवणानंतर पोटात कळा व जुलाब आणि कमी घाम ही लक्षणे बहुधा बालपणीच दिसू लागतात. यांतील घामाची खूण फार बोलकी. गोव्याच्या दमट हवेत घाम न येणारे मूल चटकन नजरेत भरेल. मे महिन्यात पारा ४० अंशांपार नेणाऱ्या भोपाळच्या कोरड्या उष्म्यात मात्र सर्वांचाच घाम तत्काळ सुकतो. तेथे अशा मुलाला उन्हात ताप चढला, तर ऊन लागले एवढाच अर्थ काढला जाण्याची भीती असते. हातापायांची आग तर कुठेही संधिवाताच्या नावावर खपते. निदानाविना वर्षे लोटतात, तोवर मूत्रपिंडांची हानी झालेली असते.

पुरुषांत विकराच्या मापनाने निदान होते. स्त्रियांत ते प्रमाण सामान्यही असू शकते, म्हणून जनुकचाचणी आवश्यक ठरते. विकर शिरेवाटे देण्याचा उपचार उपलब्ध, पण अतिशय महाग आहे. केंद्राच्या २०२१ च्या दुर्मीळ आजार धोरणात फॅब्रीचा समावेश असून मुंबईच्या केईएमसारख्या निवडक केंद्रांत ५० लाख रुपयांपर्यंत साहाय्य मिळू शकते. उपचार मात्र आजन्म घ्यावा लागतो.