इंग्लंडमध्ये प्राथमिक शिक्षक व्हायचंय? सुरुवातीच्या टप्प्यांची माहिती



मुलं शाळेत जाऊ लागली की मंडळातल्या अनेक मैत्रिणी विचारतात, "मला इथल्या शाळेत शिकवता येईल का?" कुणाकडे भारतातली पदवी असते, कुणी तिकडे शिकवलेलं असतं, कुणी सध्या टीचिंग असिस्टंट म्हणून काम करत असतं. सगळ्यांच्या सोयीसाठी ही माहिती एकत्र करून देत आहोत. ही फक्त इंग्लंडपुरती आहे. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडचे नियम वेगळे आहेत.

पात्रता

सरकारी प्राथमिक शाळेत वर्गशिक्षक होण्यासाठी साधारणपणे क्यूटीएस हा दर्जा लागतो. प्रशिक्षणासाठी पदवी हवी, तसेच इंग्रजी, गणित आणि विज्ञानात जीसीएसईची किमान ४ ही श्रेणी (जुनी 'सी') किंवा तिच्या तोडीचं शिक्षण हवं. आपल्या प्रमाणपत्रांची तुलना यूके एनिक ही संस्था करून देते (२०२१ पूर्वीचं नाव नॅरिक). त्यामुळे पदवीबरोबर दहावी-बारावीच्या गुणपत्रिकाही शोधून ठेवा. एखादा विषय कमी पडला तर काही प्रशिक्षण संस्था समकक्षता परीक्षा मान्य करतात. अर्जाआधी विचारून घ्यावं. पूर्वीच्या स्किल्स टेस्ट २०२० मध्ये बंद झाल्या.

भारतात डी.एड. किंवा बी.एड. केलेल्यांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. २०२३ मध्ये भारतातल्या शिक्षकांना थेट क्यूटीएससाठी अर्ज करण्याची सोय झाली, पण ती ११ ते १६ वयोगटाला गणित, विज्ञान किंवा भाषा शिकवणाऱ्यांसाठी ठेवली होती. म्हणजे प्राथमिकचा अनुभव असलेल्यांनी त्यावर विसंबून राहू नये.

अर्ज आणि खर्च

सर्वात रुळलेला मार्ग म्हणजे एक वर्षाचा पूर्णवेळ पीजीसीई. अर्ज सरकारी संकेतस्थळावर शरद ऋतूत सुरू होतात आणि अभ्यासक्रम सप्टेंबरमध्ये. एका वेळी चार ठिकाणी अर्ज करता येतो. प्राथमिकच्या जागा लवकर भरतात, म्हणून दिवाळीच्या सुमारास अर्ज तयार असलेला बरा. त्याआधी जवळच्या शाळेत काही दिवस जाऊन बसण्याची परवानगी मागा. मुलाखतीत "वर्गात तुम्ही काय पाहिलंत?" हा प्रश्न हमखास येतो.

२०२५-२६ साठी इथल्या रहिवाशांच्या फीची मर्यादा ९,५३५ पौंड होती. कर्ज मिळेल की नाही, आणि फी इथली लागेल की परदेशी विद्यार्थ्याची, हे व्हिसा आणि वास्तव्यावर ठरतं. हे आधी लेखी विचारून घ्या. गणित, भौतिकशास्त्र अशा माध्यमिक विषयांना मिळणारी शिष्यवृत्ती प्राथमिकला सहसा नसते. पगारी मार्गही आहेत, पण जागा कमी.

पोलीस तपासणी (डीबीएस) सर्वांनाच लागते. भारतात राहिलेल्यांकडून तिथला पोलीस दाखलाही मागितला जाऊ शकतो, त्याला वेळ लागतो.

पहिले काही आठवडे

वर्षभरात किमान १२० दिवस प्रत्यक्ष शाळेत, तेही किमान दोन शाळांमध्ये, घालवावे लागतात. सुरुवातीला निरीक्षण, मग चार-पाच मुलांचा गट, मग एखादा तास, आणि हळूहळू पूर्ण वर्ग. एकच शिक्षक जवळजवळ सगळे विषय शिकवतो.

आपल्याला सर्वात नवं वाटतं ते फॉनिक्स. आपण एबीसीडी नावांनी शिकलो. इथे मुलं आधी ध्वनी शिकतात. 'एम' चा उच्चार करताना 'म' म्हणायचं नाही, तर पाय मोडलेला 'म्' म्हणायचा. हलन्त माहीत असलेल्या मराठी माणसाला हे लवकर समजतं! मात्र 'व्ही' आणि 'डब्ल्यू' या दोन्हींना आपण एकच 'व' लावतो. तेवढा सराव घरीच करावा, कारण पहिल्या इयत्तेच्या मुलांची ४० शब्दांची फॉनिक्स चाचणी असते आणि त्यातले निम्मे शब्द अर्थहीन असतात. मूल ते अंदाजाने वाचू शकत नाही, शिक्षकाने शिकवलेल्या ध्वनींवरच वाचतं.

गणितात आपले पाढे कामी येतात. चौथीत २५ प्रश्नांची, १२ पर्यंतच्या पाढ्यांची चाचणी असते. प्रत्येक उत्तराला ६ सेकंद. पण "हातचा एक" एवढं सांगून भागत नाही. तो एक म्हणजे दहा कसा, हे ठोकळे मांडून दाखवावं लागतं.

शिस्तीची पद्धतही निराळी. सरकारी शाळांत शारीरिक शिक्षा १९८७ पासून बंद आहे. मुलाने घरचं काही काळजीचं सांगितलं तर "कुणाला सांगणार नाही" असं वचन कधीही द्यायचं नाही. त्याच दिवशी शाळेतल्या जबाबदार शिक्षकाला कळवायचं.

घरच्यांसाठी

हे वर्ष एकटीचं नसतं. सकाळी आठच्या आत शाळा आणि रात्री पाठाची तयारी, त्यात पगार नाही. मुलांना कोण सोडणार-आणणार, स्वयंपाक कोण करणार, वर्षभर एका पगारात घर कसं चालणार, हे अर्जापूर्वी घरात बसून ठरवा. पीजीसीईनंतरही दोन वर्षांचा नवशिक्षकाचा काळ (ईसीटी) असतो, पण तेव्हा पगार आणि मार्गदर्शक दोन्ही मिळतात.

नियम दरवर्षी बदलतात, म्हणून अर्ज करताना सरकारी संकेतस्थळ जरूर पाहावे. या वर्षी पाऊल टाकणाऱ्या सर्वांना मनःपूर्वक शुभेच्छा!