रात्र जाऊ द्या

१९९६ साली पुण्यातल्या एका चिमुकल्या सॉफ्टवेअर कंपनीत माझी पहिली नोकरी होती. विदेश संचार निगमचं शेल अकाउंट म्हणजे काळा पडदा, त्यावर नुसती अक्षरं आणि लाइन लागेपर्यंत मोडेमचं किंचाळणं. त्याच पडद्यावरून मी यूजनेट या जगभरच्या चर्चागटांच्या जाळ्यात, सी या संगणकभाषेच्या ‘कॉम्प डॉट लँग डॉट सी’ गटात पहिला प्रश्न टाकला: ‘आय बरोबर आय प्लस प्लस’ लिहिलं की दोन कंपायलर दोन वेगळी उत्तरं का देतात?

दुसऱ्या दिवशी उत्तर आलेलं होतं. आधी वाचायला शिका, नाहीतर दुसरा एखादा धंदा बघा, अशा अर्थाचं. साऱ्या जगासमोर. त्या दिवशी डबा तसाच घरी परत गेला. संध्याकाळी आणखी एक मेल आली, फक्त मला. सी भाषेचं मानक अशा ओळीचा अर्थ ठरवूनच देत नाही, हा प्रश्न प्रत्येकाला एकदा पडतोच आणि स्टीव्ह समिट यांनी जमवलेल्या प्रश्नोत्तरांत तो सविस्तर आहे, असं त्यात होतं. आधी वाच, हेच दोघांनीही सांगितलं होतं.

एकाच पेशातली शिकलीसवरलेली माणसं पडद्यासमोर अशी का पिसाळतात, याचा शोध मी तेव्हापासून घेत आले. यूजनेट सुरू झालं १९७९-८० च्या सुमाराला, अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या दोन विद्यार्थ्यांच्या कल्पनेतून. समोर चेहरा नाही, आवाज नाही. थट्टासुद्धा खरी वाटायची. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संगणक विभागात १९८२ च्या सप्टेंबरात तेच झालं. तिथल्या संगणकावरच्या फलकावर लिफ्टमध्ये पारा सांडल्याचा विनोद कुणीतरी टाकला आणि काहींना तो खरा धोक्याचा इशारा वाटला. मग १९ सप्टेंबरला स्कॉट फालमन यांनी सुचवलं की विनोदापुढे विसर्गासारखी दोन टिंबं, एक आडवी रेघ आणि एक कंस टाकत जा. आज आपण मेसेजमध्ये पिवळे चेहरे उधळतो, त्यांचा एक पूर्वज म्हणजे ही तीन चिन्हं.

पण चिन्हांनी भांडणं थांबत नाहीत. दारात कुणीतरी बसावं लागतं. पीटर न्यूमन यांनी ऑगस्ट १९८५ मध्ये संगणकांपासून होणाऱ्या धोक्यांवर ‘रिस्क्स’ नावाचा गट काढला. आलेलं प्रत्येक पत्र ते स्वतः वाचायचे, निवडायचे, मगच पुढे पाठवायचे. असं त्यांनी वर्षानुवर्षं केलं. विमानं, मतदानयंत्रं, रुग्णालयांतली उपकरणं अशा तापलेल्या विषयांवर तिथे वाद झडले, पण ते तुंबळ झाले नाहीत. हे काम फुकटचं, आणि त्याचे आभार कुणी मानत नाही.

ज्यांच्या गटात असा राखणदार नव्हता, त्यांनी कानात बोळे घातले. लॅरी वॉल यांनी १९८४ मध्ये लिहिलेल्या ‘आरएन’ या वाचकप्रणालीत ‘किल फाइल’ होती. नकोशा माणसाचं नाव तिच्यात टाकलं की त्याचं लेखन दिसेनासं व्हायचं. मीही एकाला टाकलं होतं. कुणाला, ते सुज्ञांस सांगणे न लगे.

दर सप्टेंबरात विद्यापीठांत नवी मुलं यायची, महिनाभर गोंधळ घालायची आणि जुन्यांचं बघून शहाणी व्हायची. मार्च १९९४ मध्ये अमेरिका ऑनलाइन कंपनीने आपल्या ग्राहकांना यूजनेट खुलं केलं आणि हा हिशेब कोलमडला. नवे उदंड झाले, शिकवणारे तेवढेच राहिले. मग सप्टेंबर कधी संपलाच नाही, असं जुने लोक अजून म्हणतात. त्या रडगाण्यात थोडा मिजासखोरपणाही आहे, कारण त्या नव्यांतच मी होते.

ऑक्टोबर १९९५ मध्ये इंटेलच्या सॅली हॅम्ब्रिज यांनी लिहिलेली शिष्टाचाराची नियमावली ‘आरएफसी १८५५’ या क्रमांकाने निघाली. सगळी अक्षरं मोठ्या लिपीत लिहिली की ओरडल्यासारखं वाटतं, हे तिच्यात आहे. संतापाचं उत्तर लगेच पाठवू नका, मध्ये एक रात्र जाऊ द्या, हेही आहे. सल्ला सोन्यासारखा, पण पुणेरी पाटीसारखाच: ती लागते तेव्हा दारासमोर गाड्या लागून चुकलेल्या असतात. लिनक्स ही संगणकप्रणाली घडवणाऱ्या लिनस टॉरवाल्ड्सनी आपल्या जिव्हारी लागणाऱ्या मेलांबद्दल माफी मागितली आणि काही आठवडे कामातून रजा घेतली, ती २०१८ च्या सप्टेंबरात. लिनक्स सुरू होऊन तोवर सत्तावीस वर्षं झाली होती.

आता आमच्या जुन्या सहकाऱ्यांचा एक तांत्रिक गट मी सांभाळते. कुणी नवा ‘आय प्लस प्लस’ विचारतो, तेव्हा त्याला मी खासगीत लिहिते. मला तसं लिहिणाऱ्या त्या माणसाचं नाव आठवत नाही. पहिल्याचं आठवतं.