जुम्मा दरवाजा आणि आमची ओसरी

स्मरणिकेसाठी जुन्या वास्तूंची छायाचित्रे जमवावयाची ठरले, तेव्हा मला हसू आले. मी सातवी शिकलेली. मी इतिहास काय सांगणार? तरी एका रविवारी सकाळी, कापडाची दुकाने उघडण्यापूर्वी, लेकीचा मोबाईल घेऊन गांधीबागेतून महालाकडे निघाले.

गांधी गेट आपण रोज पाहतो. याचे जुने नाव जुम्मा दरवाजा. गोंड राजा चांद सुलतान याने शहराभोवती कोट घातला, त्याच्या दरवाजांपैकी हा एक. जुम्मा तलावही त्याचाच. आज आपण त्याला गांधीसागर म्हणतो. दरवाजाचे छायाचित्र घेऊ लागले, तर मध्ये विजेच्या तारा, जाहिरातीचे फलक आणि रिक्षा! शेवटी वर मान करून नुसती कमानच टिपली. दगडांच्या सांदीत पिंपळाचे रोप उगवलेले दिसले. हिरवे, गोजिरवाणे, पण त्याच्या मुळ्या उद्या दगड फोडतील, म्हणून तेही टिपले.

महाल हे नाव ज्या भोसल्यांच्या राजवाड्यावरून पडले, तो काळ्या दगडाचा होता व त्यात लाकडी नक्षीकाम भरपूर होते. तिसरे रघूजी १८५३ साली वारले, पुढच्याच वर्षी इंग्रजांनी राज्य खालसा केले. गंमत अशी, की त्याच १८५४ साली मुंबईत छायाचित्रकारांची संस्था निघाली आणि १८५५ पासून कंपनी सरकार विजापूर, बदामीच्या देवळांची छायाचित्रे काढवू लागले. इकडे आपला राजवाडा १८६४ साली आगीत जळाला. मोठे महाद्वार तेवढे वाचले. दगड राहिला, लाकूड गेले. आतली ती नक्षी कशी होती, हे पाहावयाची मला फार हौस आहे.

राजवाडा आगीने गेला. आमचा वाडा आम्हीच पाडला. भावाभावांत वाटण्या झाल्या, वर मजले चढवावयाचे होते. मीही ‘हो’ म्हटले. स्वच्छ ओटा, नळ, वेगळी खोली कोणाला नको? सागवानी खांब आणि तुळया वखारवाल्याने गाडीत भरून नेल्या. सासूबाई तेवढा वेळ समोरच्या दुकानाच्या पायरीवर बसून होत्या. घरात सर्वांजवळ मोबाईल होते, पण एकालाही ओसरीचे छायाचित्र काढावे असे सुचले नाही.

परवा त्या म्हणाल्या, ‘‘सूनबाई, कोनाडे किती होते गं आपल्या ओसरीला?’’ मी पाच म्हटले, यजमान सात म्हणाले. मग आमच्या लग्नाचा अल्बम काढला. वरातीच्या एका चित्रात माझ्या डोक्यामागे खांबाचा तुकडा दिसतो. त्यावर कोरलेले केळफूल, आणि एका कोनाड्याची कड. बाकी सारे पाहुण्यांच्या फेट्यांआड.

मंडळाकडे मी तीन चित्रे दिली आहेत. कमान, पिंपळ, आणि त्या वरातीच्या चित्रावरून मोबाईलने घेतलेले केळफूल.